बोरीखालची जागा

५ जानेवारी २०२५

वहीबाई, तुला वाचणाऱ्याला आधी विचार — तुझ्या पणजीला कुठं पुरलंय? झाला ना गप्प! माणसं शेताचा गट नंबर पाठ करतात, पणजी विसरतात.

मला अक्षर येत नाही. नात लिहिते, सुमैरा. माझं 'हाय' खोडून 'आहे' करते. करू दे. कब्रस्तानात कोण कुठं निजलंय ते मात्र मलाच ठाऊक. फैयाजचे अब्बा कबरी खोदायचे, आता माझा लेक फैयाज, सुमैराचा बाप, खोदतो. घर फाटकाशी. बायकांनी आत जायचं नसतं — पण उंबऱ्यावरून बघायला कोण अडवतंय!

७ जानेवारी

कब्रस्तान बघणाऱ्या जमातीचा सेक्रेटरी राहील आला. जागा संपली म्हणे. जुन्या रांगा पुन्हा खोदायच्या, नकाशा करायचा, कबरींना नंबर द्यायचे. "दादी, तुमी बोट दाखवा, मी लिहितो."

उंबऱ्यावरूनच दाखवलं. बोट बोरीच्या झाडापाशी आल्यावर म्हटलं, "तिथं खडक हाय. कुदळ मोडंल."

"खडकावर बोर कशी उगवली, दादी?"

"तुझ्या डोक्यावर केस उगवलेत तशी!"

हसला. तिथं नुसती फुली मारून गेला.

८ जानेवारी

आज बोरं पडली. एकही उचलू दिलं नाही कुणाला.

११ जानेवारी

सुमैरा, हे तुझ्या बापाला वाचून दाखवू नको.

बोरीखाली खडक नाही. माझी पोर आहे. पन्नास वर्षं झाली, फैयाजच्या आधीची. सहा दिवसांची होती. सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं.

कुठं पुरली ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी दुपारी सगळे निजले की आत शिरायची. दिसेल ती लहान ढिगारी नखांनी उकरायची. दुसऱ्यांच्या पोरांची! जमातीत बोभाटा झाला. मग एक दिवस फैयाजच्या अब्बांनी मला हाताला धरून बोरीखाली नेलं. "ही बघ, हितं हाय ती. आता उकरू नको, लई घट्ट जमीन हाय. तिला निजू दे."

उकरलं नाही. राखली. अजून दुपारी तिकडून रडणं येतं. सगळे म्हणतात, मांजर आहे. मी पण म्हणते.

आणि फैयाजच्या अब्बांनी मरताना स्वतःला कुठली जागा मागावी? भिंतीकडची, पाणी तुंबतं ती. जन्मभर लोकांना कोरडी जागा दिली आणि आपण डबकं घेतलं! महिनाभर भांडले मी त्यांच्या कबरीशी, उंबऱ्यावरूनच.

१४ जानेवारी

पलीकडच्या गल्लीतल्या जरीनाचा पोरगा गेला. दोन दिवसांचा. जागा नाही. राहील म्हणाला, "भिंतीकडं ओलीत ठेवू कुठंतरी, लहानच हाय." जरीना दारात उभी होती. नखं बघत होती आपली.

मी फैयाजला म्हटलं, "बोरीखाली खोद. जपून. तुझी बहीण हाय तिथं."

कुदळीला धार लावायला बसला.

१५ जानेवारी

फैयाज हातपाय न धुता आला. माझ्या पायाशी बसला.

"अम्मा, तिथं कुनीच न्हाई."

"पन्नास वर्षांत काय उरतंय?"

"तसं न्हाई. एकदा खोदलेली माती कालवलेली असती, काळी-पिवळी. तिथं मुरूम अखंड हाय, थरावर थर. त्या जागी कुदळ आज पहिल्यांदा लागली."

पन्नास वर्षं मी कशाची राखण करत बसले होते?

१६ जानेवारी

जेवले नाही. फैयाजला विचारलं, "अब्बांनी तुला कधी काय सांगितलं होतं?"

म्हणाला, "मरायच्या आधी म्हनाले, भिंतीकडं खोदशील तवा माझ्या डाव्या अंगाला हातभर सोड. तिथं कुनीतरी हाय. कोन, ते सांगितलं न्हाई. आन अम्माला बोलू नको म्हनाले."

लबाड माणूस. घट्ट जमीन बघून मला दाखवली. माझी नखं ओळखत होता.

१७ जानेवारी

आज दुपारी रडणं आलं नाही.

सुमैरा, राहीलच्या नकाशात भिंतीकडची, माझ्या पोरीच्या पलीकडली जागा माझ्या नावानं घाल. तुंबू दे पाणी. आणि जरीनाकडं अळिवाचे लाडू पाठव. पोर गेलं म्हणून काय ती बाळंतीण नाही? मला कुणी पाठवले नव्हते. गूळ जास्त घाल. डबा परत मागू नको.