ईस्ट हॅल्डन आणि फ्लॅट नंबर सहा

३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६.१०
आजपासून पुस्तक. ‘ईस्ट हॅल्डन मतदारसंघाचा निवडणूक इतिहास, १८८५ ते १९५०.’ इंग्लंडमधला हा मतदारसंघ पंचाहत्तर वर्षांपूर्वी रद्द झाला. १९८३ साली मी त्यावर पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. गाइड म्हणाले होते, या विषयाला आजवर कोणी हात लावलेला नाही. का लावला नाही ते नंतर कळलं. मग लग्न, पूर्णिमा, कॉलेजातली नोकरी, सासूबाईंचं आजारपण. टिपणांची कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बेचाळीस वर्षं पडून आहेत. आता सबबी बंद. रोज पाचशे शब्द.

२१ डिसेंबरला सोसायटीची निवडणूक. अकरा वर्षं मी बिनविरोध अध्यक्ष आहे. त्यात लक्ष घालायची गरज नाही.

लिफ्ट बंद. मार्चपासून.

५ नोव्हेंबर
नव्वद शब्द झाले. त्यातले चाळीस शीर्षकाचे आणि माझ्या नावाचे. पण पाया भक्कम हवा.

पूर्णिमाचा फोन. “आई, तू त्या गावाला कधी गेली होतीस का?” म्हटलं, तू रोज हिंजवडीला जातेस, तुला हिंजवडी कळली का? मग म्हणाली, “बाबांचे कागद झाले का गं?” म्हटलं, पुस्तकानंतर.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पुन्हा प्लास्टिकची खुर्ची. चौदा नंबरच्या विमलाबाईंची. वय अठ्ठ्याहत्तर, चढताना दम लागतो म्हणून ठेवली आहे म्हणतात. जिना ही सामायिक जागा आहे. वॉचमनकडून दुसरी नोटीस लावून घेतली.

९ नोव्हेंबर
रविवार. अठरा नंबरचा इंद्रजीत आला. वर्ध्याकडचा मुलगा, आयटीत आहे, चार वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. चप्पल बाहेर काढून आत आला, एवढं खरं. म्हणाला, “मॅडम, मी अध्यक्षपदासाठी उभा राहतोय. पर्सनल काहीच नाही. फक्त लिफ्ट.”

त्याला समजावलं की लिफ्टच्या दुरुस्तीला तीन कोटेशनं लागतात. दोन आली आहेत. तिसरंही आलं होतं, पण त्यावर कंपनीचा शिक्का नव्हता, म्हणून परत पाठवलं. नियम आहे.

“बरोबर आहे मॅडम,” म्हणाला. “पण आठ महिने झाले.”

लोकानुनय. ईस्ट हॅल्डनमध्ये हेच झालं होतं. सर विल्फ्रेड गॉर्न तिथून पाच वेळा बिनविरोध निवडून आले. वर्षातून एकदा, फुलांच्या प्रदर्शनाला, मतदारसंघात जात. १९०६ साली हिगिट नावाचा एक चांभार उभा राहिला. त्याचं आश्वासन एकच: नदीवर पूल. गॉर्न म्हणाले, सभ्य माणसाला नदीपलीकडे कामच काय? बाणेदार उत्तर. एकेचाळीस मतांनी पडले.

मतदार कृतघ्न असतात. पण गॉर्न बेसावध होते. मी नाही.

१० नोव्हेंबर
प्रचार शास्त्रशुद्ध करायचा. ब्रिटिश पद्धतीने दारोदार जाऊन प्रत्येक मतासमोर खूण: नक्की, डळमळीत, विरोधी. घरं वीस. तीन कुलूपबंद. माझ्या अंदाजाने अकरा नक्की.

पुस्तक: आज विश्रांती.

१४ नोव्हेंबर
तळमजला आणि पहिला मजला झाला. दोन नंबरवाले म्हणाले, “वा, आपण स्वतः आलात! मला वाटलं पुन्हा नोटीस आली.” नक्की. सात नंबरच्या बाई म्हणाल्या, “बघू.” नक्की. चार नंबरवाल्यांनी जाळीच्या दारातूनच “मत गुप्त असतं ना हो?” असं विचारलं. आमच्याकडे सभेत हात वर करून मतदान होतं, हे त्यांना माहीत आहे. तरी नक्की धरले; विनोद करतो तो माणूस मनातून आपला असतो.

वरच्या मजल्यांवर गेले नाही. गुडघा. शिवाय ते मतदार विचार करणारे आहेत, त्यांना भेटीची गरज नाही.

१९ नोव्हेंबर
सोजरबाई आपल्या इमारतीत सहा घरी कामाला जातात. भांडी घासता घासता सहज विचारलं, लोक काय म्हणतात. “लोक काय म्हणायचेत? लिफ्ट म्हणत्यात.”

आणि माझ्याबद्दल?

“तुमच्याबद्दल चांगलंच हाय. बाई लई शिस्तीच्या, असं समदी म्हणत्यात.” मग तवा पालथा घालून म्हणाल्या, “पर शिस्तीवर बसून चौथ्या मजल्यावर जाता येत न्हाई ना, ताई.”

हे दुसऱ्या कोणाचं तरी वाक्य आहे. प्रचार घराघरात पोचलाय. अकराचे नऊ केले.

२४ नोव्हेंबर
निवडणूक अधिकारी म्हणून शेजारच्या सोसायटीतले बद्रीनाथ भालेराव. निवृत्त बँक अधिकारी. चष्मा दोरीला बांधलेला. माझ्या पसंतीचा माणूस: चहा नको म्हणाले, पावती मागितली. सभासद रजिस्टर आणि ठरावांची वही त्यांच्या हवाली केली. म्हणाले, “मॅडम, इतकं चोख दप्तर मी पाहिलं नाही.”

त्यातला २०२१चा ठराव मुद्दाम दाखवला. माझाच आहे. भागपत्रावर, म्हणजे फ्लॅटच्या मालकीच्या दाखल्यावर, ज्याचं नाव, त्यालाच मत. नवरा गेल्यावर विमलाबाई तशाच मत द्यायला आल्या होत्या. दाखला नवऱ्याच्या नावावर. मी परत पाठवलं. त्या म्हणाल्या, “अहो, तेरावंसुद्धा झालं नाही अजून.” म्हटलं, दुःख आहेच, पण रजिस्टरला तेरावं कळत नाही. नंतर त्यांनी सगळे कागद केले. चार खेपा घातल्या. शिस्त लागली.

३० नोव्हेंबर
मतदार यादी फलकावर लागली. हरकतींची मुदत ७ डिसेंबर, संध्याकाळी पाच. खाली जाऊन चष्मा लावून पूर्ण वाचली. अकरा नंबर आणि सोळा नंबर, दोघांवर हरकत घेतली. एकाची सही जुळत नाही, एकाचा दाखलाच सापडत नाही. दोघंही इंद्रजीतचे. हा योगायोग आहे.

आमच्या फ्लॅट सहासमोर ‘देवस्थळी माधव गोविंद’ असं व्यवस्थित छापलंय. बघून बरं वाटलं. जरा वेळ तिथेच उभी राहिले.

१ डिसेंबर
पुस्तकाचे एकशे दहा शब्द. १९०६च्या पराभवाचं खरं कारण सापडलं, कार्ड क्रमांक ७४. पूलबिल काही नाही. गॉर्नच्या एजंटने आपल्याच त्रेसष्ट समर्थकांची नावं यादीत घातली नव्हती. त्यांच्या घरच्या गाडीवानाचंसुद्धा नाही. त्रेसष्टातून एकेचाळीस वजा करा.

अक्षम्य. ज्याला स्वतःची यादी बघता येत नाही त्याने निवडणुकीला उभं राहू नये. हे वाक्य पुस्तकात घ्यायचं.

त्या कार्डावरचा तक्ता माधवने आखलेला आहे, हिरव्या शाईत. त्याला ईस्ट हॅल्डन म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. रेघा मात्र सरळ.

७ डिसेंबर, संध्याकाळी ५.०५
मुदत संपली. माझ्या दोन्ही हरकती मान्य. बद्रीनाथ माणूस कडक आहे. अशी माणसं आता राहिली नाहीत.

८ डिसेंबर
भाषण लिहिलं. नऊ पानं. सुरुवात १८८५ पासून. पूर्णिमाला फोनवर वाचून दाखवलं. पाचव्या पानाला म्हणाली, “आई, मी मीटिंगमध्ये आहे.” मीटिंगमध्ये असताना फोन उचलायचा कशाला?

काल खात्रीची नऊ मतं होती. सात नंबरच्या बाई आज जिन्यात इंद्रजीतशी हसून बोलताना दिसल्या. आठ.

१४ डिसेंबर, सकाळी ११.४०
उमेदवारी अर्ज द्यायला गेले. इस्त्रीची साडी, दोन पेनं. बद्रीनाथांनी अर्ज वाचला, यादी काढली, चष्मा नाकावर चढवला, उतरवला.

“मॅडम, आपलं नाव यादीत नाही.”

म्हटलं, सहा नंबर बघा. देवस्थळी आहे.

“माधव गोविंद आहे. ते कधी येतील?”

त्यांना माहीत नव्हतं. ते शेजारच्या सोसायटीतले आहेत. त्यांचा दोष नाही.

म्हटलं, ते येणार नाहीत. सहा वर्षं झाली.

मागे इंद्रजीत रांगेत उभा होता. म्हणाला, “सर, घ्या ना मॅडमचा अर्ज. माझी काही हरकत नाही.” बद्रीनाथ म्हणाले, “हरकत तुमची नाही, ठरावाची आहे.” आणि वही उघडून २०२१चं पान माझ्यासमोर धरलं. खाली माझी सही.

माझी सही चांगली आहे. स्पष्ट.

१४ डिसेंबर, दुपारी
जेवण नाही. भूक नव्हती, याचा याच्याशी संबंध नाही.

१६ डिसेंबर
मुद्दे लिहून काढले.
मी २०१४ साली माधवची सहसभासद म्हणून निवडून आले. मूळ सभासद गेला की सहसभासदत्व संपतं. हे मला माहीत आहे. विमलाबाईंना मीच समजावून सांगितलं होतं.
मग सहा वर्षं मी कोण होते? सह्या कोण करत होतं? नोटिसा?

कागद का केले नाहीत: पहिल्या वर्षी मन नव्हतं. पुढे कोविड. मग लेखापरीक्षण. मग पुस्तक. पुस्तक तर गेल्या महिन्यात सुरू केलं. असो.

फ्लॅटच्या मालकीचा दाखला शोधला. कपाटात नाही, फायलीत नाही. बिस्किटांच्या डब्यात निघाला, कार्डांच्या तळाशी. मीच ठेवला असणार. तिथे कोणी बघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नाव कमी करण्याचा अर्ज असतो. ‘नाव कमी करणे’ असंच छापलेलं आहे त्यावर.

२१ डिसेंबर
सभा. पार्किंगमध्ये खुर्च्या. मी मागच्या रांगेत बसले, निरीक्षक म्हणून. बद्रीनाथांनी एकच अर्ज आल्याचं सांगितलं. इंद्रजीत बिनविरोध. अडीच मिनिटं लागली. पर्समध्ये नऊ पानं होती.

त्याने उठून आधी माझे आभार मानले. “मॅडमनी अकरा वर्षं सोसायटी सांभाळली,” वगैरे. टाळ्या वाजल्या. चार नंबरवाले म्हणाले, “सहा वर्षं तर माधवरावांनी सांभाळली हो, वरून.” सगळे हसले. मीही हसले असावे.

नंतर विमलाबाई काठी टेकत आल्या. वाटलं, आता ऐकवतील. ऐकवलं नाही. म्हणाल्या, “दोन फोटो लागतात. आणि मृत्यूचा दाखला मूळ न्या, झेरॉक्स चालत नाही. मी आधी झेरॉक्सच नेली होती, तुम्ही परत पाठवलंत.” मग निघता निघता म्हणाल्या, “अहो, त्यांचं नाव खोडत नाहीत. ते तसंच राहतं, खालच्या ओळीत आपलं लिहितात. मला वाटलं होतं खोडतात. म्हणून सांगते.”

हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. मला माहीत होतं.

२२ डिसेंबर, सकाळी १०
अर्ज भरला. हिरव्या शाईचं पेन वाळलं होतं, निळ्याने भरला. अर्ज अध्यक्षांकडे द्यायचा असतो. अध्यक्ष चौथ्या मजल्यावर राहतात. रजिस्टरं, शिक्का आणि कोटेशनांची फाईलही द्यायची होती, म्हणून सगळं एकाच पिशवीत घातलं आणि निघाले. अध्यक्षांना खाली बोलावणं शोभत नाही.

११.२०
दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक. पुढे गुडघा. पिशवी अपेक्षेपेक्षा जड.

तिसऱ्या मजल्यावर विमलाबाईंची खुर्ची होती. मागच्या भिंतीवर माझ्या सहीच्या दोन नोटिसा: ‘ही खुर्ची त्वरित हटवावी.’ मागे घ्याव्यात असं वाटलं. पण आता मला तो अधिकार नाही.

बसले.