बैल बुजला नव्हता

नाना,

काल माळ्यावरची तुमची पत्र्याची पेटी उघडली. वाळवीने तुमच्या वकिलीचे निम्मे दावे फस्त केलेत, पण मोटारीच्या विम्याचे कागद शाबूत आहेत. इंग्रजी फॉर्म भरण्याआधी तुम्ही मराठीत केलेला कच्चा खर्डाही त्यात आहे. तुमचं ते बारीक अक्षर, एक खाडाखोड नाही. ‘गाडी माझी मुलगी चालवीत होती. मी शेजारी बसलो होतो. समोरून येणाऱ्या कापसाच्या गाडीचा बैल बुजल्यामुळे टक्कर झाली.’ पहिली दोन वाक्यं तुमची. तिसरं माझं, आणि ते खोटं आहे. बैल बुजला नव्हता, नाना. तो बिचारा मान खाली घालून आपल्या वाटेने चालला होता. तुम्ही होतात तोवर हे सांगायचं राहून गेलं असं म्हणणार होते. पण राहून कसलं गेलं, मी सांगितलं नाही.

मोटार येऊन नऊ दिवस झाले होते. आईने चाकांखाली लिंबं ठेवली होती, पुढे कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं आणि पहिला लांबचा फेरा इच्छापूरच्या देवीचाच, असं बजावलं होतं. गावातली मोठमोठी माणसं तुमच्या ओसरीवर येऊन खालच्या आवाजात बोलत, पण आईपुढे तुमची वकिली चालत नसे. कचेरीमागच्या मैदानात तुम्ही मला रोज सकाळी गाडी शिकवत होता, शिकाऊ परवानाही काढून आणला होता. मॅट्रिक झालेल्या मुलीला लोक शिवणाचं मशीन घेऊन देत, तुम्ही स्टिअरिंग दिलंत. शाहपूरच्या अलीकडे रस्ता मोकळा बघून तुम्ही गाडी थांबवता, खाली उतरता आणि म्हणता, “ये, बस इकडे.” मागून आई ओरडते, “अहो, देवीला जायचंय, देवाघरी नव्हे!” मी बसतेच. आई नारळ मांडीवर घट्ट धरून डोळे मिटते आणि रामरक्षा सुरू करते. वळणावर समोरून कापसाने फुगलेली बैलगाडी येते. नेमके तेव्हाच तुम्ही मागे वळून आईला सांगत आहात, “अगं, डोळे उघड. बघ तर तुझी लेक कशी चालवते.”

आईने डोळे उघडले तेव्हा मोटारीचा एक दिवा फुटला होता, मडगार्ड चेपलं होतं, रेडिएटरमधून वाफ निघत होती आणि आम्हा तिघांवर कापूस पडला होता. बैलगाडीचं चाक मोडलं होतं. एक बैल गुडघ्यावर बसला होता, तो आपणहून उठला. तुम्ही आधी माझे हात, कपाळ सगळं तपासलंत. मग विचारलंत, “काय झालं?” मी म्हटलं, “बैल बुजला.” विचार करून बोलले नाही हो. तोंडातून निघून गेलं, आणि तुम्ही मान हलवलीत. माझ्या शब्दावर तुम्ही उलटतपासणी केली नाहीत. आयुष्यात एकदाच, जिथे करायला हवी होती तिथे.

नवी कोरी मोटार दोन बैलजोड्यांनी ओढत, शनवाऱ्याच्या भर चौकातून घरी आणली. अख्ख्या बुऱ्हाणपुराने पाहिली. आईचा धीर सुटला. “मोटार ठोकणारी म्हणून नाव झालं, तर हिला स्थळ कोण आणील? तुम्हीच चालवत होता म्हणा. विम्यावाल्याला काय कळतंय!” मीही तिची री ओढली. माझं सगळं चित्त एकाच गोष्टीत अडकलं होतं. विमा नाकारला, तर ठपका माझ्यावर येणार आणि मोटारीला माझा हात पुन्हा कधी लागणार नाही. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. “उद्या पक्षकाराला खरं बोल म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? आणि तू चालवत होतीस, यात लपवायचं काय आहे?” रागाचं बोलणं नव्हतं ते. म्हणूनच जास्त लागलं.

विमा कंपनीचे साहेब मुंबईहून आले. सोला हॅट, हातात फूटपट्टी. मडगार्डचा पोचा सुद्धा त्यांनी मोजून घेतला. चहा घेता घेता तेही हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही चालवत होता असं लिहा की. माझंही काम सोपं होईल.” तुम्ही म्हणालात, “मी चालवत नव्हतो.” साहेबांनी सुस्कारा सोडला. मालक शेजारी असला तर शिकाऊ माणूस चालतो, पण चालवणाऱ्याची हयगय दिसली तर कंपनी हात वर करेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि गाडीवानाला बोलवायला लावलं.

तो फोपनार गावाहून बैलासकट आला. त्याच्या गाडीचं चाक तुम्ही दुसऱ्याच दिवशी सुताराकडून करून दिलं होतं. मी दाराची चौकट धरून उभी. आता सगळं बाहेर पडणार. साहेबांनी विचारलं, “बैल बुजला होता का?” त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे. मग तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “हाव सायेब, बिचकला माहा बैल. पोरीची काही गलती नाय.” साहेबांनी लिहून घेतलं. बैल तुमच्या अंगणातल्या केळीची पानं खात होता.

दावा मंजूर झाला. गाडी खांडव्याहून दुरुस्त होऊन आली त्या दिवशी तुम्ही किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, “चल, देवीचा नारळ राहिलाय.” नारळ तोच, न फुटलेला. आई पुन्हा मागे बसली, पुन्हा डोळे मिटून. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही येईल त्याला सांगत होता, “बैल बुजला, पण आमच्या मुलीने गाडी उलटू दिली नाही.” माझ्या लग्नाच्या बैठकीत, नवऱ्यामुलाच्या वडिलांना सुद्धा! ते हसले आणि लग्न ठरलं. मी मात्र दर वेळी चहाचं निमित्त करून आत जायची.

तुमच्या मागे मी एकदा एकटीच इच्छापूरला निघाले होते. त्याच वळणावर तो गाडीवान भेटला, म्हातारा झालेला. मी गाडी थांबवून विचारलं, “दादा, तेव्हा खोटं का बोललात?” तो मिश्कील हसला. “काय करू मंग? खरं सांगतलं असतं त तू पुन्हा चाकाले हात लावला असता का? बैलाचं काय, बदनामीनं त्याचं लगन थोडंच मोडते.” आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसत सुटलो. मग मी गाडीत येऊन पुष्कळ रडले, आणि तशीच पुढे देवीला गेले. तेव्हापासून गाडी चालवताना मला भीती म्हणून वाटली नाही.

हे पत्र तुमच्या खर्ड्याला टाचून पेटीत ठेवते आहे. तुमच्या शिस्तीप्रमाणे जबाब पुरा व्हायला हवा, म्हणून तेवढं लिहिते. त्या वळणावर कापसाची ती गाडी अंगावर आल्यासारखी वाटली तेव्हा मागे आईने डोळे मिटले होते ना, नाना, तसेच पुढे मीही मिटले होते.

आता किल्ली परत मागू नका.