चिकटपट्टीवरचं नाव

सांता आना
मंगळवार, दुपार

प्रिय कूका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न उघडताच फेकावंसं वाटलं असेल, तर मी तुला दोष देणार नाही. पत्ता मिनर्व्हाकडून मिळाला. तुझी बहीण अजून तशीच आहे. दारात उभं ठेवून तिने मला विचारलं, "पंचावन्न वर्षं झोपली होतीस का गं?" शेवटी विजेच्या बिलाच्या पाठीमागे तिने पत्ता लिहून दिला. तू विसेलियात लेकीकडे असतेस, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे, एवढंही सांगितलं.

माझं म्हणशील तर ठीक आहे. माझा नवरा राऊल जाऊन सहा वर्षं झाली. दोन्ही मुलगे लांब आहेत, रविवारी फोन करतात आणि हवा कशी आहे ते विचारतात. सकाळी चर्च, दुपारी टोमॅटोच्या रोपांना पाणी. शिवाय म्हातारपणी एक नवाच उद्योग मागे लागलाय. आपल्या कॅल्डर फॅक्टरीत ज्या बास गिटारी बनायच्या, त्यांना आता सोन्याचा भाव आलाय म्हणे. आपण त्यांच्या पोटात वायरी जोडायचो, आणि काम झालं की आत चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर आपलं नाव आणि तारीख घालायचो. संध्याकाळी व्हिटेकर मुकादम त्या पट्ट्यांवरून कुणी किती नग केले ते वहीत मांडायचा. आता तेच तुकडे लोक भिंग लावून वाचतात. जुनी कॅल्डर घेण्याआधी ती अस्सल आहे की बनावट हे बघायचं असेल तर आत पट्टी शोधतात, आणि पट्टीवर 'एलोदिया' सापडली की थेट माझ्या दारात येतात. मला एक सूरही वाजवता येत नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. कुणाला पटत नाही.

बनावट माल करणारेही वस्ताद झालेत. जुनं लाकूड आणतात, नवीन रंगाला मुद्दाम भेगा पाडतात, मागच्या लोखंडी पट्टीवर जुना नंबर ठोकतात. एका मासिकात माझं नाव छापून आल्यापासून तर माझ्या नावाच्या पट्ट्यासुद्धा करतात. गेल्या वर्षात मी दोन पकडल्या. एकीवर माझ्या नावाखाली रविवारची तारीख होती. रविवारी व्हिटेकरच्या बापानेही फॅक्टरी उघडली नसती.

तर गेल्या बुधवारी रूफस टेट नावाचा एक गृहस्थ लाँग बीचहून आला. सत्तरीचा, उंच, काळा, इस्त्रीचा शर्ट. चाळीस वर्षं शहराची बस चालवली आणि तितकीच वर्षं त्याच्या चर्चमध्ये बास वाजवतो. येताना बायकोने रताळी घालून केलेला केक घेऊन आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मिस एलोदिया, तुम्ही हो म्हणालात तर मी घेतो. नाही म्हणालात तर दुकानात परत. शनिवारपर्यंतच ठेवलीय त्यांनी माझ्यासाठी." तरुणपणी त्याच्याकडे अशीच एक होती. मुलगी आजारी पडली तेव्हा ती विकावी लागली. मुलगी आता शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे तक्रार नाही, म्हणाला. पण मरायच्या आधी एकदा तशीच हातात हवी, आणि खोटी नको.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून आम्ही ती उघडली. आधी गिटारीची लांब मान सोडवली. तिच्या टोकाला पेन्सिलीने महिना आणि साल होतं, जागच्या जागी. पुढची पांढरी पाटी काढली तर खालचा रंग लख्ख, आणि उघडा भाग चहासारखा पिवळसर. हे असंच हवं. उन्हाने जे पन्नास वर्षांत होतं ते कुणाला आठवड्यात करता येत नाही. वायरींच्या जोडांवरचं सोल्डर जुनं, राखेच्या रंगाचं. टेट माझ्या तोंडाकडे बघत होता, परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखा. मग आतली पट्टी दिसली. नाव माझंच होतं. अक्षर माझं नव्हतं.

मी तसं लगेच सांगून टाकलं. "हे मी लिहिलेलं नाही." मला त्यात काही वाटलं नाही, दोनदा पकडलं होतं, हे तिसरं. टेटने हळूच मान हलवली. चिडला नाही बिचारा. "बरं झालं आधी विचारलं," म्हणाला आणि स्क्रू एकेक करून खिशातल्या रुमालात बांधायला लागला. त्यातला एक टेबलाखाली घरंगळला तेव्हा मी म्हटलं, थांबा, मी लावून देते. पाटी परत बसवायला बास माझ्या बाजूला वळवली, आणि तेव्हा वायरी पाहिल्या.

आतल्या जोडणीच्या खुंटीभोवती वायर आपण सगळ्या उजवीकडून गुंडाळायचो. इथे प्रत्येक खुंटीला वायर डावीकडून आली होती. एकही वेढा चुकलेला नव्हता. आपल्या रांगेत बावीस बायका होत्या आणि डावखुरी एकच. "ही बाई घड्याळसुद्धा उलटं फिरवील," असं व्हिटेकर तुझ्याबद्दल बोलायचा आणि तू स्पॅनिशमध्ये हसत हसत त्याच्या आईचा उद्धार करायचीस. पट्टीचं टोकही कात्रीने कापलेलं नव्हतं. तुझ्या दातांनी तोडलेलं होतं. मी बाजूची वायर सारली आणि तारीख वाचली. १२ नोव्हेंबर १९६४.

त्या गुरुवारी मी कुठे होते, हे या जगात तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सीमेपलीकडे तिहुआनात, एका दाताच्या डॉक्टरच्या माडीवर. मी वीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, पोटातलं दोन महिन्यांचं होतं, आणि ज्याचं होतं तो मजुरीच्या निमित्ताने कोलोराडोला गेला तो गेलाच. तू सीमेपर्यंत सोबत यायला निघाली होतीस. मीच नको म्हटलं. नाताळच्या मालाची घाई होती, न सांगता तीन दिवस गैरहजर राहिली की नोकरी गेली असा व्हिटेकरचा नियम होता, आणि दोघींचीही जाण्यात शहाणपणा नव्हता. माझी गेलीच, असं धरून मी बसमध्ये चढले. तीन दिवसांनी परतले तर मुकादम काही बोलला नाही. मी देवाचे आभार मानले.

पुढच्या सोमवारी त्याने सगळ्यांसमोर तुझे नग वाचले. तीन दिवस निम्मेच. झोपा काढतेस का म्हणाला आणि तिथेच कामावरून काढलं. तू एक शब्द बोलली नाहीस, फक्त माझ्याकडे एकदा पाहिलंस, डबा उचललास आणि गेलीस. त्या नजरेचा मी माझ्यापुरता अर्थ लावला. तू रोज सकाळची प्रार्थना न चुकवणारी, मी असलं काम करून आलेली. तुला माझी किळस आली असणार. महिन्याभरात तू गाव सोडलंस, माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस, आणि खिडकीजवळची तुझी जागा मला मिळाली. मी तिथे अकरा वर्षं बसले, कूका. उजेड छान यायचा.

टेट समोर बसून होता. मी त्याला म्हटलं, ही बास अस्सल आहे, पट्टीवरचं नाव तेवढं दुसऱ्या बाईने घातलंय. तो म्हणाला, "दुकानदार म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं. आधी नाही, मग हो." म्हणून मी कागद घेतला आणि लिहून दिलं: त्या दिवशी मी फॅक्टरीत नव्हते, तिहुआनात गर्भ पाडायला गेले होते, माझी नोकरी जाऊ नये म्हणून रिफ्यूजिओ मोंतान्यो (तुझं कागदोपत्री नाव घातलं) हिने आपले निम्मे नग माझ्या नावाने केले, ही जोडणी तिच्या डाव्या हाताची आहे. खाली सही केली. टेटने ते वाचलं आणि म्हणाला, "हे एवढं लिहायची काय गरज होती, मिस एलोदिया? आजारी होते म्हटलं असतं तरी चाललं असतं." मी म्हटलं, पंचावन्न वर्षं तेच चाललंय. त्याने कागदाची नीट घडी करून बायबलमध्ये ठेवावी तशी आतल्या खिशात ठेवली. शनिवारी त्याचा फोन आला, बास त्याने घेतली. फोनवरच वाजवून दाखवली. मला त्यातलं काही कळत नाही, पण खिडकीची काच गुणगुणली आणि मी रडले.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. चार दिवस मी एकच वाक्य घोकत होते: कूका, मला माहीत नव्हतं. तुला वाटत असणार की मला सगळं माहीत होतं, तरी मुकादम तुझे नग वाचत असताना मी मान खाली घालून वायरी जोडत राहिले. ते खोटं आहे, असं मला लिहायचं होतं. पण ते वाक्य निम्मंच खरं आहे. परत आले त्या सकाळी मी हजेरीचं कार्ड काढलं, तर त्यावर मी नसलेल्या तिन्ही दिवसांचे हजेरीचे ठसे होते. मी ते पाहिलं. कारकुनाची चूक, असं स्वतःला सांगितलं आणि कार्ड पुन्हा खाचेत सरकवलं. सोमवारी तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा ते कार्ड माझ्यापासून चार हातांवर होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं. मला लाज वाटते, कूका, आणि ही लाज तिहुआनाची नाही. शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलंय, विसेलियाला दुपारी दोनला पोचते. कुणी न्यायला आलं नाही तर मी चारच्या बसने परत येईन आणि वाईट वाटून घेणार नाही. नाही, वाटेल. पण त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा येईन.

तू म्हणशील तोवर तुझीच,
एलोदिया