दुसऱ्या ओळीनंतरची जागा

आई,

"आता घाल काय तो गोंधळ!" म्हणून तू दादाकडे निघून गेलीस, तेव्हापासून घरात चिटपाखरू नाही. अडगळीच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून केलेल्या माझ्या स्टुडिओला आणखी काय हवं? तरी नवं गाणं काही केल्या रेकॉर्ड होत नाही. माइक हलवते, गादी सरकवते, उठते, बसते, पुन्हा गाते.

काल तबलजी वैतागले. "ताई, चाल छान बांधलीत, पण दर दुसऱ्या ओळीनंतर ही मोकळी जागा कशाला?"

त्यांना काय सांगू? चाल बांधत होते तेव्हा तू नेमकी तिथेच स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "झालं का गं?" मी चिडून थांबायचे. ते थांबणंच चालीत मुरलंय. तिथे बासरी घालून पाहिली, गिटार घालून पाहिली. काहीच शोभत नाही.

हे पत्र पाठवणार नाहीच. पाठवलं तर तुला वाटेल, मी माफी मागतेय. पण हल्ली मी दार सताड उघडं ठेवून गाते.

आणि नाही, अजून झालेलं नाही.

तुझीच,
हट्टी