उलटी केलेली खुर्ची

वॉशिंग्टन, ९ मार्च १८५८

प्रिय लोविनाताई,

देवकृपेने आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्हीही असाल, अशी रोज प्रार्थना करते. यांचा खोकला थांबला. आईचे गुडघे कसे आहेत? पुन्हा प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून पक्षाची मंडळी यांच्या मागे लागली होती.

गुरुवारी एका सिनेटरांकडे जेवण होतं. बसण्याआधी खुर्ची उलटी करून सांधे पाहायची यांची सवय तुला ठाऊकच आहे. एक गृहस्थ म्हणाले, "काय टटल, इथं बसायला आलात की उलटायला?" सगळे हसले. तेवढ्यात खुर्चीचा पायच यांच्या हातात आला. खाली आपल्याच खुर्च्यांच्या कारखान्याचा शिक्का होता, गेल्या वर्षीचा.

हे यजमानीणबाईंना एवढंच म्हणाले, "लाकूड ओलं होतं, बाईसाहेब. चूक माझी." मग सरस मागवून तिथंच पाय बसवून दिला.

ताई, आपल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर धुराड्यालगत मेपलचं लाकूड वर्षभर वाळायचं. त्या वासात आपण सफरचंदं सोलत बसायचो. अजून तिथं लाकूड ठेवता ना? एनॉकभावोजींना रागावून बोलू नकोस हं. मागणी वाढली की घाई होतेच, आणि कारखाना त्यांच्यावर टाकून आम्हीच इकडे आलो.

आज हे पक्षाच्या मंडळींना नकार कळवून आले. कोट काढता काढता म्हणाले, "ताईंना लिही, माळा झाडून ठेवा. लाकूड मी येऊन रचतो."

आईच्या पाया पडते.

तुझीच,
केझाया