माझ्या उंचीचा ओटा

नागपूर, रविवार संध्याकाळ

पवनानगरच्या आमच्या जुन्या कॉटेजचं स्वयंपाकघर मी इथूनच, फोनवरून नवं करून घेतेय. ओट्यासाठी जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत मोजून नाडी कापून कुरियरने पाठवली होती. तरी शंकरभाऊ गवंड्यांनी नेहमीच्याच उंचीचा बांधला. मागच्या आठवड्यात व्हिडिओवर म्हटलं, "नाडी लावून दाखवा." चार बोटं कमी पडली.

"ताई, लय बुटका व्हईल. लोकं हसत्याल."

"हसू देत. फोडा."

जास्तच कडक बोलले का? असेल. पण आज नाडी बरोबर काठाला टेकली!

हे शेजारून म्हणाले, "अगं, मला वाकावं लागेल."

जन्मभर दुसऱ्यांच्या ओट्यांशी टाचा उंचावून पोळ्या लाटल्या. या घरात वाकायचं ते बाकीच्यांनी.