लिटरभर तेलातल्या नव्वद ग्रॅमसाठी माझ्यावर खटला भरावा

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वजने व मापे कार्यालय.

विषय : मला दिलेली समज मागे घ्यावी, नाहीतर माझ्यावर रीतसर खटला भरावा.
संदर्भ : माझ्या विहीणबाईंची तक्रार व त्यावरील आपले समजपत्र.

महोदय,

१. मी चौकातील सुट्या तेलाच्या दुकानाची मालकीण आहे. तेल मापाने, म्हणजे लिटरने देते. माझ्या मुलीच्या सासरी तेल माझ्याच दुकानातून, रोख पैसे देऊन जाते. मध्यंतरी त्या घरी नवा वजनकाटा आला. विहीणबाईंनी हौसेने लिटरभर तेल तोलले, ते नऊशे दहा ग्रॅम भरले. "लिटर म्हणजे किलो, शेंबड्या पोरालाही कळतं. नव्वद ग्रॅम तुझ्या आईनं खाल्लं," असे त्यांनी भरल्या ताटांसमोर माझ्या मुलीला सुनावले आणि आपल्याकडे तक्रार केली.

२. आपण दुकानी येऊन माप तपासले. ते बरोबर निघाले. तेल पाण्याहून हलके असते, लिटरला एवढेच भरते, हे आपणांस माझ्याआधी ठाऊक होते. तरीही निघताना आपण म्हणालात, "बाई, नातं मोठं की नव्वद ग्रॅम? थोडं जास्त ओतत जा, मिटवून टाका." मी "नव्वद ग्रॅम" असे उत्तर दिले. ते आपणांस उद्धटपणाचे वाटले असावे, कारण आपण "विक्रेतीस समज दिली" असे लिहून प्रकरण निकाली काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकले होते. येथे चोरच नव्हता, तरी संन्याशीण लटकली.

३. मी त्यानंतर एक थेंबही जास्त ओतलेला नाही, ओतणारही नाही. असे असता पुढच्या महिन्यात विहीणबाईंनी तेल पुन्हा तोलले आणि ते बरोबर किलोभर भरले. "सरकारी दट्ट्या बसला तशी सुतासारखी सरळ आली," असे त्या गल्लीभर सांगत आहेत. माझी जुनी गिऱ्हाइकेसुद्धा डबा पुढे करून, "काकू, आम्हालाही विहिणीसारखं द्या हं," असे म्हणून हसतात.

४. लिटरच्या डब्यात किलोभर तेल मावत नाही. मग ते आले कोठून? याचा उलगडा पलीकडच्या तेलवाल्याने केला. तो मला म्हणाला, "वहिनी, तुमची लेक तुमच्याकडून निघते आणि माझ्याकडे येऊन थोडं तेल विकत घेते. मोठा डबा आणते, माझ्याच काट्यावर किलो पुरा करते. घरात काही बिनसलंय का?" मी मुलीला विचारले. ती मान खाली घालून एवढेच म्हणाली, "आई, मिटलंय ना आता? उकरू नकोस." मला फार वाईट वाटले आणि त्याहून जास्त राग आला. तो राग आपल्यावरही आहे, हे लपवत नाही.

५. सबब, माझ्यावर कमी तेल दिल्याचा खटला भरावा. विहीणबाईंना त्यांच्या काट्यासह बोलवावे. तेल सर्वांसमोर मापावे आणि तोलावे. माझ्या मुलीस साक्षीचे समन्स काढावे. सासरी तिला खरे बोलता येत नाही आणि माझ्यापाशी ती बोलत नाही, पण शपथेवर ती खोटे बोलणार नाही, एवढे मी तिला ओळखते. नात्याचे काय होईल याची काळजी आपण करू नये, ती मी केलेली आहे.

६. मी दोषी ठरले तर होईल ती शिक्षा भोगीन व दुकानाला कुलूप लावीन. परंतु आई चोर नाही हे दाखवण्यासाठी माझी मुलगी स्वतःच्याच संसारात चोरून तेल ओतत आहे. ते थांबवायला मला तुरुंगात जावे लागले तरी चालेल.

या एका बाबतीत सोडून इतर सर्व बाबतींत आपली नम्र,

(सही)
तेलवाल्या काकू
दिनांक : आठ, सोमवार

सोबत : समजपत्र, मूळ प्रत. परत पाठवू नये, घेतली जाणार नाही.